‘गोट एसएनपी ५०’ चिप: उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळसाठी घ्यावी का?

आधी निकाल सांगून टाकू. कळपात नात्यातलं प्रजनन किती झालंय, पैदाशीचा बोकड कधी आणि कशाने बदलायचा, बोअर किंवा सिरोही अशा बाहेरच्या जातींचं रक्त कुठवर शिरलंय, या प्रश्नांसाठी इल्युमिना कंपनीची ‘गोट एसएनपी ५०’ चिप उत्तम आहे. आपली जात परदेशी जातींपेक्षा जास्त वैविध्याची की कमी, हे ठरवायला ती कच्ची आहे. आणि अमुक बोकड ‘शुद्ध’ असल्याचा दाखला द्यायला तिचा काडीचा उपयोग नाही. पशुवैद्यक महाविद्यालयातले विद्यार्थी, शेळीपालक गट आणि एखाद्या जातीचं जतन करू पाहणाऱ्या संस्था पैसे मोजतात ते बहुधा या शेवटच्या दोन कामांसाठी, म्हणून हे सविस्तर परीक्षण.

चिप म्हणजे काचेची पट्टी. तिच्यावर सूक्ष्म मणी आणि त्या मण्यांवर डीएनएचे छोटे तुकडे. शेळीच्या जनुकसंचात काही जागा अशा असतात की एका जनावरात तिथे ‘अ’ हे अक्षर असतं आणि दुसऱ्यात ‘ग’. अशी जागा म्हणजे एसएनपी, बोलण्यात स्निप. या चिपवर ५३,३४७ जागा आहेत. शेळीचा जनुकसंच साधारण २९० कोटी अक्षरांचा, म्हणजे सरासरी दर ५५ हजार अक्षरांमागे एक खूण पडते. मैलाचे दगड म्हणून ठीक आहे. गल्लीबोळ त्यात दिसायचे नाहीत.

खरी मेख या जागा निवडल्या कुठून त्यात आहे. आंतरराष्ट्रीय शेळी जनुकसंच संघाने २०१४ साली चिपची माहिती प्रसिद्ध केली. जागा शोधण्यासाठी सहा जातींचे नमुने घेतले होते: अल्पाइन, सानेन, क्रिओल, बोअर, सवाना आणि काचांग. दोन युरोपच्या, एक कॅरिबियन, दोन दक्षिण आफ्रिकेच्या, एक आग्नेय आशियातली. भारतातली एकही नाही. जगात सगळ्यात जास्त शेळ्या सांभाळणाऱ्या देशांपैकी आपण एक, २०१९च्या पशुगणनेत देशात १४.८८ कोटी शेळ्या आणि त्यांतल्या एक कोटीवर महाराष्ट्रात, पण चिप बनवताना आपल्याकडचं एक करडूही विचारात घेतलेलं नाही.

याने काय बिघडतं? पुणेरी शब्दांची यादी घेऊन मालवणात जायचं, तिथल्या लोकांना त्यातले किती शब्द येतात ते मोजायचं, आणि मालवणीची शब्दसंपत्ती कमी आहे असा अहवाल लिहायचा, तसं होतं. सानेनमध्ये जिथे फरक सापडतो अशाच जागा यादीत असल्याने सानेन वैविध्याची दिसते. कोकण कन्याळमध्ये ज्या जागी फरक आहे पण सानेनमध्ये नाही, ती जागा चिपवर नाहीच. त्यामुळे ‘आमच्या जातीची विषमयुग्मता अल्पाइनपेक्षा कमी, म्हणून जात धोक्यात’ असं वाक्य या चिपच्या आकड्यांवर कोणी लिहिलं असेल तर ते बाजूला ठेवावं. (एका जागी आईकडून आणि बापाकडून आलेली अक्षरं वेगळी असली की ती जागा विषमयुग्म, सारखी असली की समयुग्म.) जुळलेल्या खुणा गाळून, म्हणजे शेजारच्या खुणांपैकी एकच ठेवून, हा दोष थोडा कमी होतो, संपत नाही. आपल्याच जातींची आपसांत तुलना मात्र बरीच विश्वासार्ह ठरते, कारण उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ या चौघींनाही तोच चष्मा लावलेला असतो.

चिपची नवी आवृत्ती ६५के नावाने (के म्हणजे हजार) आली आहे, खुणा वाढल्या आहेत. जुना डेटा ५०केचा आणि नवा ६५केचा असेल तर दोन्हींत सामाईक असलेल्या खुणांवरच काम करावं लागतं. प्रकल्प तीन वर्षांचा असेल तर पहिल्याच वर्षी आवृत्ती ठरवा आणि शेवटपर्यंत तीच धरा.

आता नकाशाचा, म्हणजे खुणांचे पत्ते ज्यावर लावतात त्या संदर्भ जनुकसंचाचा, घोळ. शेळीचा पहिला जनुकसंच २०१३ साली चीनमधल्या युन्नान प्रांतातल्या काळ्या शेळीवरून आला. २०१७ साली आला तो ‘एआरएस१’, त्याहून कितीतरी सलग आणि नेटका. तो ज्या बोकडाचा आहे त्याचं नाव पापडम! कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या सॅन क्लेमेंटी बेटावरची ही दुर्मीळ जात. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच वाढलेली, म्हणून तिच्या दोन्ही गुणसूत्र-प्रतींत फरक कमी आणि जोडणी सोपी. तर, चिपच्या जुन्या यादीत खुणांचे पत्ते पहिल्या नकाशावरचे आहेत आणि नव्या यादीत ‘एआरएस१’वरचे. प्रयोगशाळेने कोणत्या नकाशाची यादी लावली हे न विचारता दोन वर्षांचा डेटा एकत्र केला, तर काही खुणा दुसऱ्याच गुणसूत्रावर जाऊन बसतात. एकूण नात्याच्या हिशोबाला याचा फारसा धक्का लागत नाही. सलग समयुग्म पट्ट्या, म्हणजे दोन्ही प्रतींत सारखे निघणारे लांब तुकडे, मोजताना मात्र सगळं विस्कटतं, आणि आकडे तर छान दिसत राहतात!

नमुना: पैसे इथेच बुडतात

चिपमध्ये क्वचितच काही बिघडतं. बिघडतं ते गावात, गोठ्यात आणि प्रवासात.

रक्त घ्यायचं तर मानेच्या शिरेतून, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या हातून, मोठ्या शेळीचं ३ ते ५ मिलिलिटर. नळी जांभळ्या झाकणाची, ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं द्रव्य असलेली. हिरव्या झाकणाची चालत नाही. तिच्यात हेपारिन असतं आणि ते पुढे पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेला, आडवं येतं. रक्त घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची. ती घुसळायची नाही. हे केलं नाही की तळाशी गुठळी होते आणि गुठळीतून डीएनए काढताना प्रयोगशाळेतला माणूस तुमच्या नावाने बोटं मोडतो. बर्फाच्या डब्यात ठेवा, पण नळी थेट बर्फावर टेकवू नका. ४ अंशांवर आठवडाभर निभतं. त्यापुढे उणे २० लागतं, आणि तेही प्लास्टिकच्या कुपीत ओतून, कारण काचेची नळी तडकते.

शेळ्यांत रक्ताची एक खास अडचण आहे. जुळ्या-तिळ्यांच्या वारा पोटात एकमेकींना जोडल्या गेल्या तर एकाच्या रक्तपेशी दुसऱ्यात मिसळून आयुष्यभर राहू शकतात. गायीत हे नेहमीचं आहे. शेळीत क्वचित घडतं, पण उस्मानाबादीसारख्या जुळी देणाऱ्या जातीत हे लक्षात ठेवावं. अशा जनावराच्या रक्तात दोघांचा डीएनए येतो आणि विषमयुग्मता अकारण जास्त दिसते. एखाद्याच नमुन्याची विषमयुग्मता बाकीच्यांपेक्षा फार वर गेली तर आधी नळ्यांची सरमिसळ तपासा, मग हे. कानाचा तुकडा किंवा केसांची मुळं घेतली की हा प्रश्न बहुतेक मिटतो.

केस घ्यायचे तर उपटायचे, कापायचे नाहीत. डीएनए मुळाच्या पांढऱ्या गाठीत असतो, केसाच्या दांडीत नाही. शेपटीच्या गोंड्यातले ३० ते ४० केस एकदम चिमटीत धरून झटक्यात ओढायचे, उजेडात धरून गाठी दिसतात का पाहायचं आणि कागदाच्या पाकिटात घालायचे. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबरमध्ये नमुने गोळा करणार असाल तर पाकिटांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.

कानाचा पंच घेणारी नळी ही सोय सगळ्यांत सुटसुटीत. पक्कडीसारखं यंत्र, त्यात बारकोडची कुपी. दाबलं की कानाचा बारीक तुकडा थेट टिकाऊ द्रवात पडतो. बर्फ लागत नाही. हे साधन मुळात गुरांच्या जाड कानासाठी रुळलेलं असल्याने करडाच्या पातळ कानात तुकडा कडेला लटकून राहू शकतो. कुपी उजेडाकडे धरा, तुकडा द्रवात बुडालेला दिसला पाहिजे. शिरा टाळून कानाच्या मधल्या भागात दाबायचं, आणि हात कच्चा ठेवायचा नाही.

एफटीए कार्ड, म्हणजे रक्त टिपून वाळवायचा खास कागद, स्वस्त आणि टपालाने जाणारं. रक्ताचा थेंब वर्तुळात, सावलीत तीन-चार तास वाळवायचं, उन्हात नाही. मायक्रोसॅटेलाइट तपासणीला (डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी मोजणं) ते छान चालतं. चिपला मात्र प्रत्येक नमुन्याचा साधारण २०० नॅनोग्रॅम चांगला, न तुटलेला डीएनए लागतो, आणि कार्डाच्या एक-दोन टिकल्यांतून तेवढा मिळेलच असं नाही. काम चिपचंच आहे हे ठरलेलं असेल तर कार्डाच्या वाटेला जाऊ नये.

कोणती जनावरं निवडायची, याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. एका गोठ्यातून दोनपेक्षा जास्त नकोत आणि ती एका बोकडाची नकोत. सोपं म्हणून एकाच मोठ्या फार्मवरून ४० नमुने घेतले की जातीचा नाही, त्या फार्मचा अभ्यास होतो. जातीसाठी ४० ते ५० असंबंधित जनावरं, तिच्या मूळ पट्ट्यातल्या वेगवेगळ्या तालुक्यांतली: उस्मानाबादीसाठी तुळजापूर-उदगीरकडची, संगमनेरीसाठी अहिल्यानगर-नाशिक-पुण्याची, बेरारीसाठी अकोला-अमरावतीची, कोकण कन्याळसाठी सिंधुदुर्गातली. (जिल्हा धाराशिव झाला, शेळी उस्मानाबादीच राहिली. कागदावर जातीचं नाव बदलू नका, नोंदी जुळायच्या नाहीत.) प्रत्येकीचा समोरून आणि बाजूने फोटो, दात, वेत, छातीचा घेर, उंची, कानाची लांबी, शिंगं, गावाचे अक्षांश-रेखांश आणि कानात बिल्ला असेल तर त्याचा १२ अंकी क्रमांक. मालकाला विचारायचा प्रश्न एकच, पण तो नेमका: “हिचा बोकड कुणाचा होता?” गावात एकाच दांडग्या बोकडाने सगळ्या शेळ्या लावलेल्या असतील तर ते इथेच कळतं, चिपला खर्च न करता.

प्लेट आणि छाननी

डीएनएचे नमुने ९६ खणांच्या प्लेटमध्ये जातात, अ१ पासून एच१२ पर्यंत. प्लेट उलटी लागली तर अ१ची जागा एच१२ला जाते आणि सगळी यादी उलटते. उपाय सोपा आहे: अ१ मध्ये बोकड, एच१२ मध्ये शेळी ठेवा आणि एक नमुना दोन वेगळ्या खणांत भरा. एक्स गुणसूत्रावरच्या खुणांवरून नर-मादी कळतं, कारण बोकडाकडे एक्सची एकच प्रत असल्याने तिथे तो विषमयुग्म दिसत नाही. दुहेरी नमुन्याची दोन उत्तरं ९९ टक्क्यांच्या वर जुळली पाहिजेत. या दोन युक्त्यांना फुटकी कवडी लागत नाही, तरी बरेच प्रकल्प त्या करत नाहीत.

डीएनएचं मोजमाप नॅनोड्रॉप या प्रकाश शोषणावरून मोजणाऱ्या यंत्रावर केलं असेल तर आकडा फुगलेला असतो. त्यात आरएनए आणि इतर कचराही मोजला जातो. क्युबिट या फक्त डीएनए मोजू शकणाऱ्या यंत्रावरचा आकडा मागा. शुद्धता दाखवणारं २६०/२८० गुणोत्तर १.८च्या आसपास हवं, आणि जेलवर डीएनएची पट्टी वर, एकसंध दिसली पाहिजे. खाली धूर पसरल्यासारखी दिसली तर नमुना सडलाय.

निकाल आल्यावर पहिली छाननी: ज्या जनावराच्या ९५ टक्क्यांहून कमी खुणा वाचता आल्या ते बाद, ज्या खुणा ९५ टक्क्यांहून कमी जनावरांत वाचल्या गेल्या त्या बाद. इथे एक नेहमीची ठेच आहे. प्लिंक हे सॉफ्टवेअर न सांगता माणसाची गुणसूत्रं गृहीत धरतं: २२ जोड्या आणि त्यापुढे लिंगगुणसूत्रं. शेळीत लिंगगुणसूत्रं सोडून २९ जोड्या असतात. ‘क्रोमोसोम-सेट २९’ हा पर्याय दिला नाही तर शेळीच्या २३व्या गुणसूत्राला ते एक्स समजतं आणि बोकडांच्या नोंदींवर तक्रार काढतं, २७व्याला तर ओळखतच नाही. विद्यार्थी मग ‘सदोष’ म्हणून ती गुणसूत्रं काढून टाकतो आणि प्रबंध तसाच पुढे जातो.

दुसऱ्यांचा डेटा जोडायचा असेल, आणि जोडावाच, तर अक्षरांची लिपी जुळवा. कुणी ‘अ-ब’ पद्धतीने देतो, कुणी ‘टॉप’, कुणी ‘फॉरवर्ड’. न जुळवता जोडलं की तुमच्या सगळ्या शेळ्या एका बाजूला आणि जगातल्या सगळ्या दुसऱ्या बाजूला असा देखणा आलेख येतो. त्याला आपल्या जातीचं वेगळेपण समजून टाळ्या वाजवू नयेत.

उत्तरं कशी वाचायची

सगळ्यांत कामाचं उत्तर समयुग्म पट्ट्यांचं. आईकडून आणि बापाकडून आलेला गुणसूत्राचा एकच लांब तुकडा सारखा निघाला, तर दोघांचा पूर्वज एक होता. तुकडा जितका लांब तितका पूर्वज जवळचा: १६० लाख अक्षरांच्या वरची पट्टी म्हणजे साधारण तीन पिढ्यांमागचा पूर्वज, ८० लाखांची म्हणजे सहाएक पिढ्यांमागचा. ५०के चिपवर ४० लाखांहून लहान पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. खुणा विरळ असल्याने त्या फुगवून मोजल्या जातात. एखाद्या बोकडात लांब पट्ट्यांचा एकूण वाटा २० टक्क्यांच्या पुढे गेला, तर त्याच्या आईबापांचं नातं बाप-लेक किंवा सख्ख्या भावंडांइतकं जवळचं असण्याची दाट शक्यता आहे. असा बोकड दिसायला कितीही भारदस्त असो, पैदाशीला ठेवू नये.

याच्या जोडीला एक जुना, कागदावरचा हिशोब करून पाहा. प्रभावी संख्या (प्रजननाच्या हिशोबात कळप किती जनावरांइतका भरतो ते) म्हणजे ४ गुणिले नर गुणिले मादी, भागिले नर अधिक मादी. १०० शेळ्या आणि ५ बोकड असतील तर उत्तर १९ येतं, आणि दर पिढीला नात्यातलं प्रजनन २.६ टक्क्यांनी वाढतं. बोकड दोनच असतील तर ६.४ टक्क्यांनी. ही वाढ १ टक्क्याच्या आत ठेवायला त्याच १०० शेळ्यांमागे १५ बोकड लागतात. एका गावात १५ बोकड कोण पोसणार? म्हणून गावागावांत बोकड फिरवावे लागतात. हा हिशोबही सगळे बोकड सारखेच वापरले जातात असं धरून. प्रत्यक्षात एकच दादा असतो. वर आपल्याकडे भराभर वाढणारा, देखणा बोकड बकरी ईदला चांगल्या भावाने जातो आणि मागे उरलेला पैदाशीला लागतो. निवड उलट्या दिशेने चालली आहे, हे सांगायला चिपची गरज नाही.

चिप इथे नेमकी कामाला येते: ३०-४० नर करडांतून आपसांत सर्वांत कमी नातं असलेले आठ-दहा निवडायचे, आणि कोणता बोकड कोणत्या वाडीवर पाठवायचा याचा तक्ता करायचा. शेळ्यांची चिप नंतर, पैसे उरले तर. गावातल्या करडांचा अर्धा वारसा मूठभर बोकडांतून येतो, तेव्हा आधी बोकड.

बाहेरच्या रक्ताची मिसळ शोधायची तर संदर्भ लागतो. फक्त उस्मानाबादीचे ५० नमुने घालून ‘किती गट आहेत’ विचारलं तर सॉफ्टवेअर काहीतरी गट पाडून देतंच, बहुतेक वेळा घरोघरच्या नात्याचे. सोबत बोअर, सिरोही, जमनापारी, बीटल हवेत. बोअरचा डेटा ‘अ‍ॅडाप्टमॅप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने खुला केला आहे. शंभरावर गटांतली साडेचार हजारांवर जनावरं त्यात आहेत, सगळी याच चिपवर. बोअर ही चिपच्या मूळ सहा जातींपैकी एक असल्याने तिची मिसळ स्पष्ट दिसते. सिरोहीची मिसळ पकडायची तर सिरोहीचे नमुने स्वतः मिळवावे लागतात. संख्याही तोलून घ्या. ३०० उस्मानाबादी आणि १२ कोकण कन्याळ एकत्र घातल्या तर त्या १२ दुसऱ्या कुणाच्या तरी सावलीत जातात आणि ‘स्वतंत्र जात नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मूळ पट्टा लहान असलेल्या जातीवर हा अन्याय आहे.

मिश्र कळपात करडाचा बाप ओळखायला मात्र चिप म्हणजे डासासाठी तोफ. बाप ‘अ-अ’ आणि करडू ‘ब-ब’ अशी जोडी असूच शकत नाही. खऱ्या बापाशी अशा विसंगती ५० हजारांत वाचनाच्या चुकांपुरत्याच निघतात, खोट्याशी हजारोंनी. हे काम नीट निवडलेल्या दीड-दोनशे खुणांतही होतं.

याऐवजी काय?

मायक्रोसॅटेलाइट ही जुनी पद्धत टाकाऊ झालेली नाही. अन्न व कृषी संघटनेने शेळीसाठी ३० खुणांची यादी दिली आहे, भारतीय जातींवरचं बरंचसं जुनं काम त्याच यादीतल्या खुणांवर आहे, आणि खर्च जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला झेपतो. दोष एकच, पण मोठा: एका प्रयोगशाळेने १४२ वाचलेला तुकडा दुसरी १४४ वाचते. सामाईक संदर्भ-नमुना लावल्याशिवाय दोन अभ्यास जोडता येत नाहीत. चिपमध्ये ही कटकट नाही.

मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा, डीएनए फक्त आईकडून येतो. २००४ साली हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र) आणि मखदूमच्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १० भारतीय जातींच्या ३६३ शेळ्यांवर त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राचीन वाटचालीसाठी तो उत्तम. पण गावात बाहेरचा बोकड आणून केलेलं संकरण त्यात अजिबात दिसत नाही, कारण बोकडाचा मायटोकॉन्ड्रिया करडात येतच नाही. संकराचा शोध घ्यायला ही चाचणी करून घेतलेले अहवाल पाहायला मिळतात. पैसे पाण्यात.

संपूर्ण जनुकसंच वाचणं हाच चिपच्या पक्षपातावरचा खरा इलाज. एका शेळीचा दहापट खोलीने, प्रत्येक अक्षर सरासरी दहा वेळा, वाचायचा म्हणजे साधारण २९०० कोटी अक्षरांचा डेटा. प्रत्येक जातीच्या १०-१५ जनावरांचा असा संच केला, आणि बाकीच्यांना चिप लावली, तर दोन्ही गोष्टी साधतात. फक्त एकपट खोलीने स्वस्तात वाचून उरलेलं अंदाजाने भरायची पद्धत हल्ली सुचवली जाते. ती आधी पूर्ण वाचलेल्या शेळ्यांच्या संदर्भसंग्रहावर उभी असते आणि त्यात आपल्या जाती पुरेशा नसतील तर भरलेली अक्षरं परक्या शेळ्यांची असतात. सध्या नको.

एकेका जनुकाच्या चाचण्या वेगळ्या. युरोपीय जातींत भुंड्या बोकडाला भुंडी शेळी लावली की काही माद्या करडं नपुंसक, अर्धवट नरासारखी जन्मतात. त्यामागचा पहिल्या गुणसूत्रावरचा बदल २००१ साली सापडला. तो चिपवर थेट वाचला जात नाही, त्याची पीसीआर वेगळी. संकरित भुंड्या जनावरांची पैदास करणाऱ्यांनी ती करून घ्यावी. दूध किती देईल, वजन किती वाढेल हे चिप सांगेल असं कुणी म्हटलं तर हजारो जनावरांच्या वजन-दुधाच्या नोंदी कुठे आहेत ते विचारा. उस्मानाबादीच्या नोंदी फलटणच्या निंबकर संस्थेत आणि संगमनेरीच्या राहुरीच्या विद्यापीठात अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाखाली ठेवल्या जातात, आणि चिपला खरं मोल येईल ते अशा वह्यांशी जोडल्यावरच.

गायीसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशीसाठी ‘महिष चिप’ ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते जाहीर झाली. देशी जातींच्या डीएनएवरून बनवलेली साधनं, आणि तीही विदर्भात. बेरारी शेळीचा पट्टा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. त्या कार्यक्रमात शेळीच्या वाट्याला काही आलं नाही.

‘डीएनए-प्रमाणित शुद्ध बोकड’ अशा जाहिरातींबद्दल. भारतात जातीची नोंद कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो करतो, ती मूळ पट्टा, बाह्य लक्षणं आणि उत्पादन यांच्या वर्णनावर. उस्मानाबादी म्हणजे अमुक जागी ‘अ’ असलीच पाहिजे, अशी एकही खूण नाही. डीएनए सांगतो ते एवढंच: तपासलेल्या संदर्भ-गटांपैकी हा बोकड याच्याशी सर्वांत जुळतो, इतक्या टक्के संभाव्यतेने. संदर्भ-गट कोणता, त्यात किती जनावरं, हे कागदावर नसेल तर तो कागद बोकडाच्याच पुढ्यात टाकावा, तो खाईल.

मागणी नोंदवताना: एका चिपवर २४ नमुने बसतात. ३० पाठवले तर दोन चिप लागतात आणि १८ खण रिकामे जातात, पैसे मात्र बहुधा त्यांचेही. २४च्या पटीत जमवा, कमी पडले तर दुसऱ्या गटाशी भागी करा. डीएनए काढणं, मोजणी, चिप आणि विश्लेषण यांचे दर वेगवेगळे लिहून मागा. विश्लेषण बहुतेक वेळा रंगीत आलेखांचं पीडीएफ असतं, ते टाळलं तरी चालेल. वाचता न आलेला नमुना पुन्हा फुकट लावणार का, ते आधीच ठरवा. नमुने परदेशी जाणार असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम करार करण्याआधी वाचा, नंतर नाही. उरलेला डीएनए परत मागा आणि उणे ८० अंशांवर ठेवा. ज्या बोकडाचा तो आहे तो पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

आणि कच्च्या आयडॅट फाइल्स, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्राने टिपलेले मूळ आकडे. प्रत्येक नमुन्यामागे दोन येतात, एक लाल रंगाची आणि एक हिरव्या. अक्षरं ठरवणारी कंपनीची तयार फाइल परदेशी जातींवर बेतलेली आहे. शंभरावर नमुने जमले की आपल्याच शेळ्यांवरून ती नव्याने बसवता येते आणि बाद झालेल्या बऱ्याच खुणा परत मिळतात. त्याला कच्च्या फाइल्सच लागतात, अंतिम तक्ता पुरत नाही. बऱ्याच प्रयोगशाळा त्या काही महिन्यांनी पुसून टाकतात. शेवटचा हप्ता त्या हातात पडल्यावरच द्या.